आकृती अकरा, आकृती बारा

सायमन,

तुला वसईला पाठवायच्या कागदांवर पहिली खाडाखोड मीच केली. 'मृताचे नाव' या रकान्यात मी चांगल्या वळणदार अक्षरात माझं स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सहीही ठोकली. वकिलातीच्या खिडकीपलीकडच्या मल्याळी बाबूनं कागद बघितला, मला बघितलं, पुन्हा कागद बघितला आणि अदबीनं विचारलं, "सर, तो फिर साइन किसने किया?" शेजारी तुझी लेक शेरॉन उभी होती. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली ती. मग लगेच रडली. दोन्हीचं श्रेय मी घेतो.

हा किस्सा तू वर्षभर पुरवून पुरवून वापरला असतास. दर वेळी त्यात एकेक माणूस वाढला असता. आधी नुसता बाबू, मग बाबूचा साहेब, शेवटी माझ्या बायकोला सांत्वनाचा फोन. माझ्या फजित्या माझ्यापेक्षा तूच चांगल्या सांगायचास आणि मी कुरकुर केली की म्हणायचास, "दिघ्या, तू फक्त चुका कर. पुढचं माझ्यावर सोड." ही वाटणी एकवीस वर्षं सुरळीत चालली. एकच फजिती मी तुझ्यापर्यंत पोचू दिली नाही, आणि ती तुझ्याच पुस्तकातली होती. जो शोध तू स्वतः पत्र लिहून मागे घेतलास, तो बरोबर होता, सायमन. चूक माझी होती, आणि ते मला चार वर्षं माहीत होतं.

आता सांगून टाकलंच आहे, तर बाकीचं क्रमानं सांगतो. तुला क्रम लागतो.

आखातात आलो तेव्हा करामातल्या त्या दोन खोल्यांत आपण सहाजण राहायचो. चौघे क्रिकेट बघायचे, मी त्या चौघांचा चहा करताना दूध उतू घालवायचो आणि तू कोपऱ्यातल्या पलंगावर लॅटिन वाचत बसायचास. सेमिनरीत सात वर्षं काढून तू फादर न होता बाहेर पडलास आणि थेट हॉटेलच्या बँक्वेट विभागात लागलास, एवढंच आम्हाला माहीत होतं. "देव सुटला का रे?" असं मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर म्हणालास, "देवाचं माहीत नाही, लॅटिनची सवय सुटत नाही. तुझी सिगरेट सुटली का?" पुढे आपापली लग्नं झाली, बायका आल्या, खोल्या वेगळ्या झाल्या. तू करामातच राहिलास. मी बायकोच्या ऑफिससाठी सिलिकॉन ओएसिसमध्ये घर घेतलं आणि तिथून रोज शेजारच्या अमिरातीतल्या हमरियाच्या फ्री झोनमधल्या कारखान्यात जाऊ लागलो. म्हणजे दोन अमिरातींमधला सगळा ट्रॅफिक जॅम एका दमात बघणारा मी एकटाच असेन. पण दर शनिवारी सकाळी करामातल्या त्या मराठी खानावळीत मिसळ खायची, हे ठरलेलं. वीस दिरहमची मिसळ, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या वर गेले रे, हे मी दर शनिवारी मोठ्यानं म्हणायचो. तू दर शनिवारी म्हणायचास, "मग पाव नको घेऊस."

त्या टेबलावरच तू एके दिवशी मोबाइल माझ्यासमोर धरलास. परदेशातल्या एका लायब्ररीनं जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली होती, त्यातलं एक भूमितीचं. पिवळं पान, मधोमध लॅटिन मजकूर, कडेला त्रिकोण.

"गणित वाचतोस? तू?" मी म्हणालो. तुला बिलातली टक्केवारी काढायला कॅल्क्युलेटर लागायचा.

"गणित नाही रे. हे खालचं वाच."

खालची बारीक ओळ मी वाचणं शक्यच नव्हतं. तू वाचून दाखवलीस, मग समजावलंस. पाचशे वर्षांपूर्वी छपाई नवी होती. व्हेनिससारख्या गावात एखादा माणूस खपून गणिताचं पुस्तक छापायचा, तर पलीकडच्या गल्लीतला छापखाना तेच पुस्तक नकलून स्वस्तात विकायचा. म्हणून शहाणा छापणारा आधीच सरकारकडे अर्ज करायचा: अमुक वर्षं हे पुस्तक माझ्याखेरीज कुणी छापू नये, बाहेर छापून इथे विकायला आणू नये, आणलं तर प्रती जप्त, वर दंड. मंजुरी मिळाली की तसं पहिल्याच पानावर छापायचं, म्हणजे चोराला आधीच धाक. या मंजुरीला मराठी शब्द शोधण्यात तू दोन महिने घालवलेस. शेवटी 'छापहक्क' ठरला आणि त्या आनंदात मिसळीचं बिल तू दिलंस.

"म्हणजे ट्रेड लायसन्स," मी म्हणालो.

"ट्रेड लायसन्स नाही."

"हमरियातलं लायसन्स हमरियाच्या गेटबाहेर चालत नाही. तुझ्या त्या माणसाचा हक्क त्याच्या गावाच्या वेशीबाहेर चालत होता का?"

"नाही. शेजारच्या राज्यात वेगळा अर्ज करावा लागे."

"मग? फ्री झोनच झाला की."

तू चमचा खाली ठेवलास. "दिघ्या, माझं निम्मं आयुष्य परवानगीचे अर्ज लिहिण्यात गेलंय. लग्नात गाणी वाजवायची, कर अर्ज. हॉलमध्ये दोनशे माणसं जास्त बसवायची, कर अर्ज. गणित मला कळत नाही, पण अर्ज लिहिणारा माणूस कळतो. तो काय मागतो यापेक्षा तो कशाला घाबरतो, ते अर्जात दिसतं."

आणि गणिताच्या पुस्तकवाल्यांची भीती इतरांपेक्षा वेगळी होती, असं तुझं म्हणणं. गोष्टीच्या पुस्तकात एखादा शब्द चुकला तर वाचणारा सावरून घेतो. कोष्टकात एक आकडा चुकला, आकृतीत एक रेघ सरकली, तर शिकणारा आयुष्यभर चुकीचं शिकतो. हे लोक नुसते आपला धंदा बुडेल म्हणून रडत नव्हते. चोरानं चुका घालून छापलेलं पुस्तक लोक खरं मानतील, याचीही त्यांना धास्ती होती. यावर मी लगेच चोरांचं वकीलपत्र घेतलं. स्वस्त नकला निघाल्या नसत्या तर दुकानात बसणाऱ्याला गुणाकार कुणी शिकवला असता? तू म्हणालास, चुकीचा गुणाकार शिकण्यापेक्षा न शिकलेला बरा. मी म्हणालो, हे तू बोलू नकोस, तुझ्या हातात कॅल्क्युलेटर असतो. हे भांडण आपण आठ-नऊ वर्षं चालवलं आणि ते अर्धवटच राहिलं. माझं मत मात्र मध्येच कधीतरी बदललं होतं. तसं मी तुला सांगितलं नाही, कारण बदलण्याचं कारणही सांगावं लागलं असतं.

कारण सांगायचं तर मला कारखान्यात जायला हवं.

आम्ही चिप्सच्या, बिस्किटांच्या पाकिटांची फिल्म छापतो. पारदर्शक फिल्म असते. शाई आतल्या बाजूला, वाचायचं बाहेरून. म्हणून सगळं चित्र उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं. बाहेरून बघितलं की ते सरळ दिसतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका बिस्किटाचं चित्र उलटवायला विसरलो होतो. बारा रोल छापून झाल्यावर बाहेर आलेल्या पाकिटावर इंग्रजी अक्षरं उजवीकडून निघाली होती आणि अरबी डावीकडून. तुझ्या आवृत्तीत एका शेखनं ते पाकीट आरशासमोर धरून नाव वाचलं आणि खूश होऊन ऑर्डर दुप्पट केली. खऱ्या आवृत्तीत माझा पगार कापला गेला. त्यानंतर मी संगणकात एक सोय करून ठेवली: ठरावीक फोल्डरमध्ये चित्र टाकलं की ते आपोआप उलटतं. म्हणजे दिघे विसरला तरी मशीन विसरणार नाही. साहेबानं त्या सोयीबद्दल माझं कौतुक केलं होतं. नोकरीतलं ते एकमेव कौतुक.

तू पुस्तक लिहायला घेतलंस तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, आकृत्या माझ्यावर सोड. जुन्या पानांवरचे डाग काढणं, फिकट रेघा काळ्या करणं, हे माझं रोजचं काम. तू पेनड्राइव्ह दिलास. मी जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातानं खात, एकेक आकृती साफ करायचो. जुनी लॅटिन अक्षरं पुसायचो, त्यांच्या जागी रंगीत ठिपके ठेवायचो. लाल ठिपका म्हणजे अ, निळा म्हणजे ब, हिरवा म्हणजे क. साफ झालेली आकृती नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकायचो. मग घरी आणून ठिपक्यांवर मराठी अक्षरं बसवायचो. अक्षरं अगदी सरळ. आकृती उलटी. एक नाही, सगळ्याच्या सगळ्या.

इतर प्रकरणांत त्यानं फारसं बिघडलं नाही. उलटा त्रिकोणही त्रिकोणच असतो. पण तुझं सातवं प्रकरण होतं.

एकाच भूमितीच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या तुला सापडल्या होत्या. एक मोठ्या, नावाजलेल्या छापखान्याची. दुसरी लहानशा गावातल्या, कुणी न विचारणाऱ्या एका माणसाची. दोघांच्याही पहिल्या पानावर छापहक्क मिळाल्याची ओळ. यातला एक चोर. सगळे जाणकार आजवर लहान माणसालाच चोर म्हणत आले, असं तू सांगायचास. मग तुझ्या लक्षात आलं, की आकृत्या लाकडात कोरायच्या, आणि लाकडावर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. मूळ कारागीर ते जाणून आकृती उलटी कोरतो, म्हणजे कागदावर सरळ येते. चोर घाईत असतो. छापलेलं पान समोर ठेवून तो जशीच्या तशी कोरतो आणि कागदावर ती आरशातल्यासारखी येते. अक्षरं उलटी आली तर कुणालाही दिसेल, म्हणून तेवढी तो जपून कोरतो. मग मजकूर म्हणतो उजवीकडचा कोन, आणि बोट ठेवावं तर कोन डावीकडे. मोठ्या छापखान्याच्या पुस्तकात कोन डावीकडे होता.

हे मला सांगताना तुझा चहा निवला होता. "पाचशे वर्षं त्या बिचाऱ्याच्या नावावर चोरी आहे रे," म्हणालास. "हातात अर्ज घेऊन आलाय आणि खिडकीवर कुणी नाही." तुझ्या पुस्तकात लहान माणसाची ती आकृती अकरावी, मोठ्या छापखान्याची बारावी. शेजारी शेजारी, वाचणाऱ्यानं बघून स्वतः ठरवावं म्हणून.

मी छापायला पाठवण्याआधी पानं तुला लॅपटॉपवर दाखवली होती. तू स्वल्पविराम तपासत होतास.

"चित्रं बघितलीस ना नीट?" तू विचारलंस.

"बघितली रे. यल्ला, चला, पाठवू?"

"पाठव."

मी पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या चोराचं काम तंतोतंत केलं होतं. अक्षरं सरळ, आकृती उलटी. फरक एवढाच, की त्यानं एका पुस्तकाची वाट लावली, मी एका फोल्डरात दोन्हींची लावली. त्यामुळे अस्सल आकृती उलटी झाली आणि चोराची सरळ. तुझ्याच पुस्तकात, तुझ्याच युक्तिवादानं, चोर ठरला तो लहान माणूस. सहाव्यांदा की सातव्यांदा, कोण जाणे.

पुस्तक वसईत छापलं, दोनशे प्रती. तुझ्या घरी छोटा समारंभ झाला. मार्थावहिनींनी मैद्याचे गोलगोल फुगे तळले, मी भाषण केलं आणि भाषणात तुझ्या पुस्तकाचं नाव चुकीचं सांगितलं. सगळे हसले. दिघे आहे, चालायचंच. मला वाटतं, त्या हसण्याची मला फार सवय झाली होती.

सहा-सात महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, टपालानं पत्र पाठवणारे. तू ते शनिवारी घेऊन आलास आणि मिसळ येण्याआधी माझ्या हातात दिलंस. त्यांनी पुस्तक दोनदा वाचलं होतं, भाषेचं कौतुक केलं होतं. मग लिहिलं होतं, की सातव्या प्रकरणात लेखकाची गल्लत झाली आहे. लेखकानं जी अस्सल म्हटली ती अकरावी आकृती उलटी आहे, चोराची म्हटलेली बारावी सरळ. तेव्हा लेखकाच्याच तर्कानं निष्कर्ष उलट निघतो.

"मूळ चित्रं तुझ्याकडे आहेत ना?" तू म्हणालास. "बघ ना एकदा. कुठली सरळ आहे?"

मी तिथेच लॅपटॉप उघडला. साफ केलेल्या आकृत्यांचं फोल्डर उघडलं, अकरा बघितली, बारा बघितली. "पुस्तकात आहेत तशीच आहेत," म्हणालो. त्या क्षणी ते खरंच वाटत होतं मला. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेव.

तू पत्राची घडी घातलीस. "मग मीच उलटं बघितलं. दोन वर्षं रोज बघत होतो, आणि उलटं बघितलं."

"होतं रे असं," मी म्हणालो. "माझ्याकडे बघ, मी उलटं बघूनच पगार घेतो."

तू हसलास. तेव्हा मी तुला हसवायला नको होतं.

सोमवारी कारखान्यात बिस्किटांचं नवं पाकीट आलं. मी ते फोल्डरमध्ये टाकलं आणि ते डोळ्यांदेखत उलटलं. बाळाच्या उजव्या हातातलं बिस्किट डाव्या हातात गेलं. मी तुझा पेनड्राइव्ह लावला, न साफ केलेली जुनी पानं उघडली. अकरा सरळ. बारा उलटी. तू बघितलंस तशीच.

त्याच क्षणी फोन करायचा, एवढंच काम होतं. मी ठरवलं, शनिवारी तोंडानं सांगू, फोनवर मजा नाही. शनिवारी तू मला पत्र टाइप करायला बसवलंस. तू सांगत गेलास, मी टाइप करत गेलो: आपला आक्षेप मान्य आहे, आकृत्या पाहण्यात माझ्या डोळ्यांची चूक झाली, सातव्या प्रकरणातला निष्कर्ष मी मागे घेतो. यातलं एक वाक्य जरा लांबलं होतं, ते मी सुधारूनही दिलं. "छान झालं," तू म्हणालास. मी ते छापून पाकिटात घातलं आणि पत्ता लिहिला. पत्ता बरोबर लिहिला. नेमका तोच.

पुढे इन्शाल्ला पुढच्या शनिवारी, इन्शाल्ला नाताळनंतर, इन्शाल्ला तुझी बायपास होऊन जाऊ दे मग. जितके दिवस गेले तितकं सांगायचं मोठं होत गेलं. दुसऱ्या भागाच्या वह्या तू ट्रॉली बॅगेत घालून कपाटावर टाकल्यास. मी विचारलं तर म्हणालास, "खलास. ज्याला डावं-उजवं दिसत नाही त्यानं दुसऱ्याला चोर म्हणू नये." मी पाव मोडत होतो. तू जुनी पानं पुन्हा उघडून बघितली असतीस तर तुझं तुलाच कळलं असतं. पण तू बघितलीच नाहीस, माझ्यावर भरवसा ठेवलास. माझ्यावर! ज्याच्या चुकांवर तू एकवीस वर्षं लोकांना हसवलंस, त्याच्या एका वाक्यावर तू स्वतःचं बघणं मोडीत काढलंस.

हॉस्पिटलमध्ये शेवटचा आलो तो सांगायलाच आलो होतो. जमलं नाही. तुझ्या नाकात नळी होती, तू हातानं 'बोल' अशी खूण केलीस आणि मी बिस्किटाच्या पाकिटाचा किस्सा काढला. तुझी आवृत्ती, शेखसकट. तू हसायला लागलास, यंत्र वाजायला लागलं, नर्स येऊन मला ओरडली. ती गेल्यावर तू नळी जराशी बाजूला करून विचारलंस, "दिघ्या, तू न सांगितलेला एक तरी किस्सा उरलाय का रे?"

"नाही," मी म्हणालो.

तू मान हलवलीस. त्या मान हलवण्याचा मी सात आठवडे अर्थ लावतोय. तुला कळलं होतं, असं एक दिवस वाटतं. नुसता दमला होतास, असं दुसऱ्या दिवशी. कळलं असेल तर तू मला वाट करून दिली होतीस, आणि मी ती घेतली नाही.

तुला पोचवून शेरॉन आणि मार्थावहिनी वसईहून परत आल्या. पंधरा दिवसांनी शेरॉनचा फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचीय, वर्षश्राद्धाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वाटायला. "अंकल, चॅप्टर सेव्हन वी विल ड्रॉप, राइट? डॅडा हिमसेल्फ सेड इट वॉज रॉंग." प्रकरण गाळायची परवानगी ती माझ्याकडे मागत होती. माझ्याकडे!

शनिवारी मी करामाला गेलो. खानावळीत नाही, तुझ्या घरी. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. मार्थावहिनी शेंगा निवडत होत्या. मी सुरुवात केली ती माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, कारखाना, फिल्म, बारा रोल, अरबी डावीकडून... शेरॉननं हात वर केला.

"अंकल. प्लीज डोन्ट मेक इट फनी."

मग मी किस्सा न करता सांगितलं. तीन वाक्यांत झालं. चार वर्षं ज्याला लागली ते तीन वाक्यांचं होतं. जुन्या पानावरची अकरा आणि पुस्तकातली अकरा शेजारी ठेवली. तिला भूमिती येत नाही, तरी दिसलं. कुणालाही दिसलं असतं.

"सो ही वॉज राइट."

"हो."

"अँड ही थॉट ही कुडंट सी."

मार्थावहिनींनी निवडलेल्या शेंगा न निवडलेल्यांत टाकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या वर्षी त्यांनी तीनदा चष्मा बदलला, भाऊजी. डॉक्टर म्हणायचे, नंबर तोच आहे. हे म्हणायचे, तुमचं मशीन बिघडलंय."

बोलणी खायच्या तयारीनं मी गेलो होतो. त्यांनी चहा केला. चहात साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यायलो. निघताना शेरॉन म्हणाली, सातवं प्रकरण राहणार, आकृत्या मी सरळ करून द्यायच्या आणि पुण्याला पत्रही मीच लिहायचं. "टुडे, अंकल." दारापर्यंत सोडायला आली नाही. बरोबर केलं तिनं.

पत्र मी चार पानी लिहिलं. त्यातली दोन पानं पाकिटांच्या फिल्मबद्दल होती. शेरॉननं ती काढून टाकली, उरलेल्याचं एक पान केलं, जुन्या पानांच्या प्रती जोडल्या आणि कुरिअर केलं. सगळ्या आकृत्या मी सरळ केल्या, कारखान्यात नाही, घरी बसून, एकेक उघडून, मजकुराशी ताडून. पहिल्यांदाच तुझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, हेही आत्ताच सांगून टाकतो. चांगलं लिहिलंयस. आणि तुझं ते म्हणणं मला मान्य आहे: वाईट नकलेपेक्षा नसलेली नक्कल बरी. आपल्या भांडणात तू जिंकलास. तुला आवडलं नसतं असं जिंकणं, समोर कुणी नसताना.

पुण्याहून काल उत्तर आलं. निळी शाई, हात थरथरलेला, पण ओळी सरळ. पत्र व प्रती मिळाल्या, असं लिहिलंय. मूळ पानं पाहता अकरावी आकृती अस्सल आणि बारावी नक्कल, हे श्री. सायमन तुस्कानो यांचं म्हणणं बरोबर आहे. मी घेतलेला आक्षेप मागे घेतो. आणि खाली, कृपया त्यांना तसे कळवावे.

मी पत्र दोनदा वाचलं, मग पाठवलेल्या पत्राची प्रत काढून बघितली. तू गेलास हे माझ्या चार पानांत नव्हतं. शेरॉननं केलेल्या एका पानातही नव्हतं. दोघांपैकी एकालाही ते लिहायचं सुचलं नव्हतं.

तेव्हा कळवतो, सायमन. तुला दिसलं ते बरोबर होतं.